राज्य सिनेटचा उमेदवार कसा पारखायचा? मॅरियनच्या स्वाती दांडेकरांच्या उदाहरणावरून

प्रश्न असा आहे. आयोवात सीडर रॅपिड्सजवळ राहणारे एक तरुण मराठी गृहस्थ विचारतात: "मला आणि बायकोला गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. आमच्या भागातून राज्य सिनेटसाठी भारतीय वंशाच्या एक बाई उभ्या आहेत. त्यांचं चकचकीत पत्रक घरी आलंय. एका बाजूला 'माझी पार्श्वभूमी', दुसऱ्या बाजूला 'माझी प्राधान्यं'. वाचलं, तर सगळंच चांगलं वाटतं. आपलं माणूस म्हणून मत द्यावं का? एच-1बी आणि ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल त्या काही करतील का? नाहीतर कशावरून ठरवायचं?"

मी मोलीनला राहते, मिसिसिपीच्या इलिनॉयकडच्या काठावर. नवऱ्याच्या ट्रॅक्टर कंपनीतल्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आले. ग्रीन कार्डावर मत देता येत नाही, पण प्रचार करता येतो, म्हणून पत्रकं वाटण्यापासून सुरुवात केली. गेली 22 वर्षं नदीच्या दोन्ही काठांवर विधिमंडळाच्या निवडणुकांत काम करते आहे. दारोदार फिरायच्या याद्या लावल्या, नंतर उमेदवारांची माहिती तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. काम एकाच पक्षाचं केलं, पण उमेदवार पारखायची रीत पक्षागणिक बदलत नाही, म्हणून पक्षाचं नाव न घेता सांगते.

आधी "सिनेट" या शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे सिनेटची निवडणूक म्हटलं की विद्यापीठाची पदवीधर सिनेट डोळ्यांपुढे येते. ती बाजूला ठेवली तरी वरचं सभागृह म्हणजे विधान परिषद, हे डोक्यात पक्कं असतं. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत 78 जागा आहेत. त्या आमदार, स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ आणि राज्यपालांच्या नेमणुका यांतून भरल्या जातात. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक परिषदेला फार तर काही महिने अडवता येतं. आयोवाची सिनेट अशी दुय्यम नाही. तिथे 50 सदस्य आहेत, प्रत्येकजण थेट लोकांच्या मतांवर चार वर्षांसाठी निवडून येतो. खालच्या सभागृहात 100 सदस्य, त्यांची मुदत दोन वर्षं. खालच्या सभागृहाचे दोन मतदारसंघ जोडले की सिनेटचा एक होतो. सिनेटने मान हलवल्याशिवाय एकही विधेयक गव्हर्नरच्या टेबलावर जात नाही. शिवाय गव्हर्नरने मंडळांवर आणि खात्यांवर केलेल्या बहुतेक मोठ्या नेमणुकांना सिनेटची दोन तृतीयांश, म्हणजे 34 मतं लागतात. हा 34 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि एवढा अधिकार असलेल्या माणसाचा पगार वर्षाला 25,000 डॉलर. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं आणि एप्रिल-मेपर्यंत आटोपतं. उरलेलं वर्ष सिनेटर आपली शेती, दुकान, वकिली, शिकवणं जे काही असेल ते करतो. त्यामुळे इथे पार्श्वभूमीला वेगळंच वजन आहे. माणूस वर्षाचे सात-आठ महिने काय करतो, कोणाबरोबर उठतो-बसतो, त्यावरून त्याच्या डोक्यात कुठले प्रश्न घोळत असतील ते कळतं.

तुमच्या एच-1बीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकते: नाही. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं वॉशिंग्टनमधल्या काँग्रेसच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या हातात आहे. राज्य सिनेटरला त्यावर मतच देता येत नाही. राज्य विधिमंडळाच्या उमेदवाराच्या पत्रकावर इमिग्रेशन सुधारणेचं मोठं आश्वासन दिसलं, तर एक तर त्यांना आपलं पद कळलेलं नाही, किंवा तुमची दुखरी नस कळलेली आहे. राज्याच्या हातात आहेत शाळांचे पैसे, सरकारी विद्यापीठांची अनुदानं, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा), मालमत्ता कराचे नियम, रस्ते, पाणी, वीजदरांवर देखरेख करणारं मंडळ, बंदुका, गर्भपात, शिक्षेचे कायदे. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांचे परवानेसुद्धा राज्याचेच. तुमची बायको भारतातून फिजिओथेरपी शिकून आली असेल, तर तिला इथे काम करता यावं म्हणून काय काय लागेल, हे डे मॉइनमध्ये, आयोवाच्या राजधानीत ठरतं.

आता पार्श्वभूमी. उदाहरण तुमच्याच लिन काउंटीतलं, म्हणजे सीडर रॅपिड्सच्या जिल्ह्यातलं घेते. ते मला जवळचं वाटतं, आणि त्यात शिकण्यासारखं एवढं आहे की बाकी उदाहरणं फिकी पडतात.

स्वाती दांडेकर. जन्म नागपूरचा, 1951. नागपूर विद्यापीठातून विज्ञानाची पदवी, मग मुंबईत आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा. 1973 मध्ये लग्नानंतर आयोवात आल्या आणि मॅरियनमध्ये स्थिरावल्या. 2002 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून आयोवाच्या खालच्या सभागृहात निवडून आल्या, 2008 मध्ये सिनेटवर. त्या जागेवर आधी मेरी लुंडबी होत्या, रिपब्लिकन पक्षाच्या, आयोवा सिनेटच्या पहिल्या महिला बहुमत-नेत्या. म्हणजे जागा सोपी नव्हती. मी त्यांच्या प्रचारात नव्हते. जे सांगते आहे ते उघड नोंदींवरून.

पत्रकावर नागपूर पहिल्या ओळीत येतं, आणि आपण मराठी माणसं तिथेच हरखतो. माझ्या मते या सगळ्या आयुष्यक्रमात निवडणुकीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ वेगळीच आहे: 1996 ते 2002, मॅरियन भागातल्या लिन-मार शाळा मंडळाच्या निवडून आलेल्या सदस्य.

शाळा मंडळ म्हणजे काय, हे इथे मुलं शाळेत घालेपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतं. बिनपगारी काम. महिन्यातून एक-दोनदा संध्याकाळी बैठक, एखाद्या शाळेच्या वाचनालयात नाहीतर मंडळाच्या कचेरीत. समोर पाच-सहा पालक, फार तर एक स्थानिक वार्ताहर. अधीक्षक नेमायचा, अंदाजपत्रक मंजूर करायचं, कुठल्या गल्लीतली मुलं कुठल्या शाळेत जाणार त्या हद्दी आखायच्या. या शेवटच्या कामाइतकं वाईटपणा देणारं काम दुसरं नसेल. नवी शाळा बांधायला रोखे काढायचे तर आयोवात मतदारांची 60 टक्के मतं लागतात, साधं बहुमत पुरत नाही. लिन-मारचा परिसर झपाट्याने वाढणारा, दरवर्षी मुलं जास्त आणि वर्ग कमी. अशा मंडळावर सहा वर्षं काढलेल्या माणसाला राज्याकडून दर विद्यार्थ्यामागे येणारी रक्कम अर्ध्या टक्क्याने घटली की कुठला शिक्षक कमी होतो, हे पाठ असतं. पुढे त्या विधिमंडळात शाळा, गणित-विज्ञानाचं शिक्षण आणि आयोवात रोजगार आणणं हे विषय घेऊन उभ्या राहिल्या, ते मला म्हणूनच खरं वाटतं. ते विषय पत्रकासाठी शोधलेले नव्हते.

हाच माझा मुख्य मुद्दा आहे. पार्श्वभूमी म्हणजे जन्मगाव, पदव्या आणि कुटुंबाचा फोटो नव्हे. कोणी बघत नसताना, फुकटात, कंटाळवाण्या बैठकांत त्या माणसाने काय केलं, ती पार्श्वभूमी. आणि प्राधान्य म्हणजे त्या कामातून निघालेला प्रश्न. पत्रकाच्या दोन बाजू एकमेकींना जुळतात का, ते बघा. जुळत नसतील तर मागची बाजू कोणा सल्लागाराने लिहिली आहे, असं बेलाशक समजा.

असंच दुसरं उदाहरण पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मंका धिंग्रांचं. जन्म भोपाळचा. किंग काउंटीत सरकारी वकील म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं मानसिक आजार असलेल्या आरोपींची प्रकरणं हाताळली, शिवाय घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. नोव्हेंबर 2017 च्या पोटनिवडणुकीत त्या सिनेटवर आल्या, आणि त्या एका जागेने सिनेटचं बहुमत 25 विरुद्ध 24 असं पालटलं. पुढे मानसिक आरोग्य आणि फौजदारी न्याय हेच त्यांचे विषय राहिले. पत्रकाची एक बाजू वाचून दुसरी ओळखता आली असती.

आता "आपलं माणूस" या भागाकडे येते. हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो मनापासून विचारलेला आहे.

2002 च्या प्रचारात दांडेकरांच्या विरोधी उमेदवाराचा एक ईमेल उघड झाला. आशय असा, की मी आयोवात ध्वजप्रतिज्ञा म्हणत मोठी होत होते तेव्हा या बाई भारतात, जातिव्यवस्थेत वाढत होत्या. त्या इथले कायदे करायला कशा लायक ठरतील? तो ईमेल वाचून इथल्या आपल्या घराघरांत चीड होती. पण निकाल काय लागला? दांडेकर निवडून आल्या. त्या मतदारसंघात मूठभर भारतीय घरं. ज्यांनी मत दिलं त्यांतल्या बहुतेकांनी नागपूर नकाशावर पाहिलेलंही नसणार. पण सहा वर्षं मुलांच्या शाळेच्या बैठकीत समोर बसलेल्या बाई त्यांना माहीत होत्या. "ही बाहेरची" हा वार त्यांच्यावर बसला नाही, कारण गावाने त्यांना काम करताना पाहिलं होतं.

म्हणून मी म्हणते, जे तिथल्या गोऱ्या शेतकऱ्याने पाहिलं ते आपणही पाहावं. आपला माणूस निवडून आला की आनंद होतोच. मला झाला होता. मेरिलँडचे कुमार बर्वे 1990 मध्ये निवडून आले. राज्य विधिमंडळावर पोचलेले पहिले भारतीय वंशाचे म्हणून ते ओळखले जातात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2020 मध्ये मिशिगनच्या विधिमंडळात आणि 2022 मध्ये थेट काँग्रेसमध्ये पोचले. ही नावं मुलांना सांगावीशी वाटतात. पण मराठी आडनाव सिनेटमध्ये कसं मत देईल, ते आडनावावरून कळत नाही.

आपल्या समाजापुरतं बोलायचं तर त्याचं सर्वांत ठळक उदाहरण कॅलिफोर्नियाचं. 2023 मध्ये तिथल्या सिनेटर आयेशा वहाब यांनी एसबी 403 हे विधेयक आणलं. भेदभावविरोधी कायद्यात जातीचा उल्लेख स्पष्ट करायचा, एवढाच त्याचा गाभा. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. त्या काही महिन्यांत आंबेडकरी संघटना साक्षी द्यायला सॅक्रामेंटोला, तिथल्या राजधानीत जात होत्या, आणि काही हिंदू संघटना विरोधात रांगा लावत होत्या. दोन्हीकडे मराठी माणसं होती. माझं मत स्पष्ट आहे: तो कायदा व्हायला हवा होता. तुमचं वेगळं असेल. पण तुमच्या दारात येणारी "आपली" उमेदवार अशा विधेयकावर काय करेल, हे विचारल्याशिवाय तिला आपली म्हणू नका. विचारायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. गणपतीच्या आरतीला भेटलेल्या बाईंना असं कसं विचारायचं? विचारायचं. त्या तुमचं मत मागायला आल्या आहेत.

पत्रकाच्या मागच्या बाजूला तर शब्द फार गुळगुळीत असतात. "मी आपल्या शाळांच्या पाठीशी आहे." आयोवात दोन्ही पक्षांचे सगळे उमेदवार हे वाक्य छापतात. जानेवारी 2023 मध्ये इथे कायदा झाला: खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे राज्य साधारण 7,600 डॉलर खात्यात भरणार. सिनेटमध्ये 31 विरुद्ध 18 मतं पडली. बाजूने मत देणाऱ्यांनीही "मुलांसाठी" म्हटलं, विरोधकांनीही "मुलांसाठी"च म्हटलं. म्हणून वाक्य वाचू नका, मत विचारा: "तुम्ही 2023 मध्ये सिनेटमध्ये असतात तर हो म्हटलं असतंत की नाही?" दोन अक्षरांचं उत्तर आहे. ते द्यायला जी व्यक्ती पाच मिनिटं घेते, तिच्याबद्दल तुम्हाला जे कळायचं ते कळलेलं असतं.

करांचंही तसंच. 2025 पासून आयोवात सगळ्यांना 3.8 टक्के असा एकच आयकर दर आहे. "कर आणखी कमी करू" असं पत्रकात असेल तर पुढचा प्रश्न साधा आहे: राज्याच्या सुमारे 9 अब्ज डॉलरच्या अंदाजपत्रकात शाळा आणि मेडिकेड हे दोन मोठे खर्च आहेत. यातलं काय कमी करणार? आणि "कर वाढवू" असं कोणी छापत नाही, पण नवी योजना छापतात. त्यांनाही तेच विचारा, उलट बाजूने.

काही प्रश्न पक्षाच्या चौकटीत बसतच नाहीत, आणि खरी पारख तिथे होते. कार्बन डायऑक्साइड वायू वाहून नेणाऱ्या पाइपलाइनसाठी शेतकऱ्याची जमीन सक्तीने घ्यावी का, हा वाद इथे काही वर्षं धुमसतो आहे. 2025 च्या अधिवेशनात बहुमतवाल्या रिपब्लिकन पक्षातलेच 12 सिनेटर अडून बसले, की पाइपलाइनचं विधेयक चर्चेला आणल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रकाला मत देणार नाही. विधेयक आलं, डेमोक्रॅटांचीही मतं घेऊन मंजूर झालं, आणि जूनमध्ये गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. जमीन सक्तीने घेणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरातली शेती धरणात किंवा एमआयडीसीत गेली आहे अशा मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या उमेदवाराने हा विषय नुसता ऐकला आहे, की त्यांच्याकडे उत्तर आहे, ते बघा.

मी उमेदवारांना तयार करते तेव्हा दारोदारीच्या पहिल्या आठवड्यात बरोबर जाते. एका ऑक्टोबरची गोष्ट. आमची उमेदवार हुशार, वकील, बोलण्यात पटाईत. एका छोट्या गावात सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं, हातात ओव्हनचा मोजा तसाच. उमेदवाराने शिक्षण, आरोग्य, रोजगार असं सुरू केलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट निघालंय, नातवंडं आली की बाटलीबंद पाणी आणते, तुम्ही यात काय करू शकता? उमेदवार थांबली. मग म्हणाली, "मला याचं उत्तर आत्ता माहीत नाही. दोन दिवसांत फोन करते." यादीच्या कागदावर तिने पेनाने नाव-नंबर लिहून घेतला. गाडीत बसल्यावर मी तिला सांगितलं, आज तू एवढं एकच चांगलं केलंस. तिने रात्री काउंटीच्या आरोग्य खात्याची माणसं शोधली, खासगी विहिरींची तपासणी कोण करतं, त्याला राज्याचे पैसे कसे येतात ते समजून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी नव्हे, दुसऱ्याच दिवशी फोन केला. पुढच्या पत्रकात पाण्याचा मुद्दा वर आला. आयोवात नायट्रेट हा मोठा विषय आहे, खतं शेतातून नदीत उतरतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 10 मिलिग्रॅम ही केंद्राची मर्यादा आहे. पण तिला तो मुद्दा अहवालातून नव्हे, त्या दारात मिळाला.

प्राधान्यं कधी कधी निसर्गही बदलतो. दांडेकर सिनेटसाठी उभ्या होत्या त्याच वर्षी, 13 जून 2008 ला, सीडर नदी 31.12 फुटांवर गेली. त्याआधीचा विक्रम 20 फुटांचा. सीडर रॅपिड्सचं सिटी हॉल आणि कोर्ट नदीतल्या बेटावर, दोन्ही पाण्यात. हजारो घरं गेली. उन्हाळ्याआधी छापलेल्या सगळ्या पत्रकांतले प्राधान्यक्रम त्या आठवड्यात जुने झाले. 2009 मध्ये, त्यांच्या सिनेटमधल्या पहिल्याच वर्षी, विधिमंडळापुढे पुनर्बांधणीसाठी रोखे काढण्याची आय-जॉब्स योजना होती. म्हणून उमेदवाराला हेही विचारावं: तुमच्या यादीत नसलेलं संकट आलं तर पहिला फोन कोणाला कराल? शाळा मंडळ, नगरपरिषद, अग्निशमन दल यांत काम केलेल्या माणसाच्या तोंडी लगेच नावं येतात.

आता 34 चा आकडा, आणि दांडेकरांच्या गोष्टीतला तो भाग ज्यावर आपल्या मराठी मंडळांत फार बोललं जात नाही.

2011 मध्ये आयोवाच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट 26 आणि रिपब्लिकन 24 होते. खालचं सभागृह आणि गव्हर्नर रिपब्लिकन. 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती, आणि ती उलटवणारी घटनादुरुस्ती खालच्या सभागृहाने फेब्रुवारी 2011 मध्ये मंजूर केली. सिनेटचे बहुमत-नेते माइक ग्रोन्स्टल ती चर्चेलाच घेत नव्हते. 26 विरुद्ध 24 या एवढ्याशा फरकावर ते सगळं तोललेलं होतं. त्या सप्टेंबरमध्ये गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी दांडेकरांना आयोवा युटिलिटीज बोर्डावर, म्हणजे वीज-गॅसच्या दरांवर देखरेख करणाऱ्या तीन जणांच्या मंडळावर नेमलं. दांडेकरांनी नेमणूक स्वीकारली आणि सिनेटचा राजीनामा दिला. मुदत अजून सव्वा वर्ष शिल्लक होती.

एका रात्रीत तुमची लिन काउंटी साऱ्या देशाच्या नजरेत आली. जागा गेली असती तर सभागृह 25-25 झालं असतं. नोव्हेंबर 8 ला पोटनिवडणूक झाली. टीव्हीवर वर्षानुवर्षं बातम्या दिलेल्या लिझ मॅथिस यांनी सिंडी गोल्डिंग यांना हरवलं आणि बहुमत टिकलं.

दांडेकरांनी चूक केली का? ज्या मंडळावर त्या गेल्या तेही लोकसेवेचंच होतं, आणि दोन्ही पक्षांबरोबर काम करू शकणाऱ्या मध्यममार्गी नेत्या अशीच त्यांची ओळख होती. गव्हर्नरला त्या हव्या होत्या त्याचं हेही एक कारण असणार. पुढे 2014 मध्ये काँग्रेसच्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत त्या हरल्या. मग ओबामांनी त्यांना मनिलाच्या आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून पाठवलं, राजदूताचा दर्जा देऊन. नागपूरच्या मुलीचा हा प्रवास मोठाच. तरीही 2008 मध्ये ज्यांनी त्यांना चार वर्षांसाठी निवडलं त्या मतदाराच्या जागी मी असते, तर मला टोचलं असतं. जागा त्यांची एकटीची नव्हती. म्हणून तुमच्या उमेदवाराला मी हे नक्की विचारायला सांगेन: चारही वर्षं पुरी करणार ना? मधेच नेमणूक किंवा काँग्रेसची संधी आली तर? उत्तर काहीही असो, चेहरा बघा.

एकेका जागेचं हे वजन आजही तसंच आहे. जानेवारी 2025 मध्ये आमच्या शेजारच्या क्लिंटन भागात आणि ऑगस्टमध्ये सू सिटीत, अशा दोन पोटनिवडणुकांत रिपब्लिकनांच्या जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या आणि सिनेट 33 विरुद्ध 17 झाली. 34 च्या खाली. म्हणजे गव्हर्नरला नेमणुकांसाठी विरोधकांतलं निदान एक मत मिळवावं लागू लागलं. शाळेच्या वर्गाएवढ्या सभागृहात एका खुर्चीने एवढा फरक पडतो.

पैशाचं थोडक्यात. आयोवात एका व्यक्तीने राज्य विधिमंडळाच्या उमेदवाराला किती द्यावं, यावर मर्यादा नाही. कंपन्यांना थेट देता येत नाही. प्रत्येक देणगीचा हिशेब डे मॉइनच्या एथिक्स अँड कॅम्पेन डिस्क्लोजर बोर्डाकडे डीआर-2 या फॉर्मवर भरावा लागतो, आणि तो कोणालाही पाहता येतो. अर्धा तास घालवा. मोठ्या रकमा कोणाच्या, त्या तुमच्या काउंटीतल्या की बाहेरच्या, ते बघा. पन्नास-शंभर डॉलरच्या देणग्यांत शेजारच्या गल्ल्यांचे पत्ते दिसले तर त्या उमेदवाराला गाव ओळखतं.

तुमच्या बाबतीत मी पुढच्या दहा दिवसांत हे केलं असतं. पत्रकावर ज्या मंडळांची, समित्यांची नावं आहेत त्यातलं एक निवडायचं आणि त्याच्या बैठकांची इतिवृत्तं वाचायची. ती खुली असतात. बाई हजर असायच्या का, काय बोलल्या, विरोधात मत कधी दिलं. मग त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचंही तेवढंच वाचायचं, तेवढाच वेळ देऊन. त्या पुढच्या वेळी दारात आल्या की चहा विचारा, आणि खासगी शाळांच्या पैशांचा, पाइपलाइनचा आणि चार वर्षांचा, असे तीन प्रश्न विचारा. जातीच्या विधेयकाचा चौथा, धीर झाला तर. मराठीतून विचारलंत तरी चालेल, त्यांना येत असेल तर. उत्तर मात्र तुमच्या शेजाऱ्याला इंग्रजीतून देतील तेच असायला हवं.

आणि नोंदणी राहिली असेल तर घाबरू नका. आयोवात मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नोंदणी करता येते. फोटोचं ओळखपत्र आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा दोघांचाही वेगवेगळा न्या. विजेचं बिल एकाच्याच नावावर असतं आणि दुसऱ्याला परत घरी जावं लागतं, असं मी दर निवडणुकीत पाहते.